लाल पिंपांच्या पलीकडे

पायडलची बोट चालवायला अक्कल लागत नाही, नुसते पाय लागतात, असं हेडमास्तरांनी धक्क्यावरच जाहीर केलं. नोकरी संपली तरी जाहीर करायची सवय सुटली नव्हती! त्यांचा मुलगा या तलावाकाठच्या विद्यापीठात पीएचडी करत होता. आईवडील एवढ्या लांबून आले, तर त्याने फोनवर सांगितलं, "बाबा, प्रयोग अर्धवट सोडता येत नाही. संध्याकाळी भेटतो." हेडमास्तरांना त्याचाही अभिमानच वाटला.

बोटीत त्यांच्या मागच्या सीटवर एक विमा एजंट आणि त्याची बायको होती. बोट सुटायच्या आत त्या दोघांना पीएचडी कळली, आणि सुटल्यावर पुन्हा एकदा कळली.

"ती बघा लायब्ररी! आमचे चिरंजीव तिथेच बसतात. जवळून दाखवतो!"

"अहो, त्या तरंगत्या लाल पिंपांच्या पलीकडे जाऊ नका म्हणालेत बोटवाले," हेडमास्तरांची बायको म्हणाली.

"तू पायडल मार!"

पिंपं मागे पडली आणि बोट जलपर्णीत घुसली. जोर लावावा तशी आणखीच रुतत गेली. मदतीसाठी हात हलवायला हेडमास्तर ताडकन उभे राहिले, बोट कलली, आणि त्यांचा चष्मा पाण्यात गेला.

"खाली बसा हो!" विमा एजंट किंचाळला. "मला पोहता येत नाही!"

शिट्टी वाजवत मोटरबोट आली. हेडमास्तरांना नुसतं एक नारिंगी जाकीट अंधुक दिसलं. ते जाकीट क्षणभर थबकलं.

"काका, दोरी घट्ट धरा."

आवाज ओळखायला चष्मा लागत नाही. शेजारी बायकोने पायडल मारायचं थांबवलं. हेडमास्तरांना मात्र हायसं वाटलं. पोटचा पोरगा आपल्याला काका म्हणतोय आणि आपल्याला हायसं वाटतंय, याची त्यांना लाज वाटली. पण हायसं वाटायचं काही थांबेना! त्यांनी दोरी धरली.

"शाबास रे!" एजंटाच्या जिवात जीव आला होता. "शिकता शिकता करतोस का हे?"

"नाही साहेब. शिक्षण सोडलं. तीन वर्षं हेच करतोय."

"अरे, यांचा मुलगा बघ! इथेच पीएचडी करतोय!"

"हो का?" मोटरबोट वळवत तो म्हणाला. "मला नाही जमलं, साहेब. घरी सांगायचा धीरही झाला नाही."

धक्का येईपर्यंत हेडमास्तर काहीही जाहीर करू शकले नाहीत. त्याने हात देऊन त्यांना उतरवलं.

"हेडमास्तर, पोराला काहीतरी द्या की!" एजंट म्हणाला. "जीव वाचवला आपला!"

हेडमास्तरांनी खिशातून चाचपडत एक नोट काढून पुढे केली. ती त्याने घेतली.

"थँक्यू, काका."

मग त्याने बोटीत एकट्याच राहिलेल्या आईकडे हात पुढे केला. तिने तो हात पकडला, पण ती जागची उठली नाही.

"आणि मला रे काय म्हणणार आहेस? काकू?"