आलोक आणि सरकत्या दाराची डबी

रडारबद्दल आपल्याला बऱ्यापैकी माहिती आहे, असं आलोक मीटिंगमध्ये बोलून गेला आणि त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. आखातातल्या त्याच्या कंपनीच्या तेलाच्या टाक्यांवर आता रडारचे मीटर बसणार होते. टाकीच्या छतावरून मायक्रोवेव्ह लहरी खाली सोडायच्या. तेलावर आपटून त्या परत आल्या की टाकीत तेल किती आहे ते कळतं. नव्या इंजिनियरांना हे कोण शिकवेल, असं यासिर साहेबांनी विचारलं तेव्हा सगळे टेबलाकडे बघत बसले. आलोकचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं, म्हणून तो बोलला. साहेबांनी लगेच पुढचा गुरुवार ठरवला. शिवाय बजावलं की नुसत्या स्लाइड नकोत, काहीतरी चालतं करून दाखवा.

नाशिकच्या कॉलेजात असताना आलोकने मायक्रोवेव्ह हा विषय ऑप्शनला टाकला होता.

घरी येऊन त्याने व्हिडिओ लावले. त्यातले प्राध्यापक दोन वाक्यं बोलून समीकरणांत शिरले, ते बाहेर आलेच नाहीत. मागवलेलं पुस्तक गुरुवारनंतर पोचणार होतं. सुटे भाग शोधत तो दुकानं हिंडला, पण मायक्रोवेव्ह म्हटलं की दुकानदार ओव्हनमधली काचेची थाळी पुढे करत. साहेबांना खरं काय ते सांगून मोकळा हो, असं बायको मेधा म्हणाली. तो सांगतो म्हणाला आणि सांगितलं नाही.

मग एका व्हिडिओत त्याला कळलं, की आपोआप सरकणाऱ्या दारांवर जी काळी डबी असते, तिच्यातही बऱ्याचदा मायक्रोवेव्हच असतात. समोर माणूस हलला की परत येणाऱ्या लहरी बदलतात आणि दार उघडतं. ते राहत त्या अबू हलीफा भागात, बिल्डिंगखालच्या सुपरमार्केटला तसंच दार होतं.

आलोक खाली गेला. दाराकडे गेला, दार उघडलं. मागे सरला, बंद झालं. मग तिरका गेला. शेवटी चोरपावलांनी इतका सावकाश गेला, की दाराला पत्ताच लागला नाही आणि त्याचं कपाळ काचेवर आपटलं. त्याला फार आनंद झाला. तो पुन्हा मागे जाऊन तेच करणार, तोच आतून मॅनेजर बाहेर आला. पोलीस, जप्त झालेलं सिव्हिल आयडीचं कार्ड, परत धाडायला विमानतळ, असं सगळं आलोकच्या डोळ्यांपुढून सरकलं.

"दरवाजे के काम के लिए आये हो ना? कब से कंप्लेंट दी है," मॅनेजर म्हणाला.

आलोकला नाही म्हणायचं होतं. घाबरल्यामुळे तोंडातून मराठी निघालं. "हो, म्हणजे, तेच बघतोय."

"मराठी होय तुम्ही. मग आधी सांगायचंत ना."

मॅनेजरचं नाव शैलेश, गाव चिपळूण. त्याने स्वतः शिडी आणून लावली. दार म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना चिमटत होतं आणि मालक रोज त्याच्यावर ओरडत होता. नवी डबी येऊन पडली होती, ती बसवायला कोणी फिरकलं नव्हतं. आता खरं सांगायला आलोकला तोंड राहिलं नाही. तो शिडीवर चढला. दूध न्यायला आलेल्या मेधाने नवऱ्याला वर पाहिलं आणि ती दूध न घेताच परत गेली.

नवी डबी चालली. शैलेशने चहा पाजला, आणि जुनी डबी आलोकने मागून घेतली.

घरी उघडून बघतो तर तिला काहीच झालं नव्हतं. आतला स्क्रू कोणीतरी अगदी कमीवर फिरवून ठेवला होता, म्हणून तिला सावकाश चालणारी माणसं दिसत नव्हती. आलोकने तो वाढवला, आणखी वाढवला, आणि स्क्रू शेवटच्या टोकाला तुटला. नवी डबी शोधायला वेळ नव्हता. त्याने तिलाच बझर जोडला.

गुरुवारी कोणी पायावर पाय टाकला की बझर वाजे. खिशातून मोबाइल काढला की वाजे. आलोकने फळ्यावर लिहायला हात उचलला, तरी वाजे. शेवटी तो हात बांधून उभा राहिला आणि दारापुढे जे कळलं होतं तेवढंच सांगत राहिला. ऐकणारेही पुतळ्यासारखे बसले. शंका विचारायला कोणी हात वर केला नाही. मागे यासिर साहेबही हलत नव्हते. कॉन्ट्रॅक्ट गेलं, असं आलोकने मनाशी धरून टाकलं.

साहेब उठले, बझर वाजला. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत एकाही ट्रेनिंगला लोकांनी मोबाइल खिशात ठेवलेले मी पाहिले नव्हते. ही डबी मीटिंग रूममध्ये लावून टाका."

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. मेधाने शिरा केला.

रविवारच्या मीटिंगला डबी भिंतीवर होती. नव्या मीटरची पूर्ण जबाबदारी कोण घेईल, असं साहेबांनी विचारलं. कोणी पापणीसुद्धा हलवली नाही. आलोकने तर श्वास रोखून धरला होता. पण वरून एसीचा गार झोत त्याच्या नाकावर येत होता. त्याने बराच वेळ सहन केलं आणि मग तो शिंकला.

बझर वाजला.

"शुक्रन, मिस्टर आलोक," साहेबांनी अरबीत आभार मानले, आणि ते पुढच्या विषयाकडे वळले.