गमऱ्यांचे अभ्रकाचे कंडेन्सर

आमच्या शेजारचे गमरे पानाच्या डब्यात रेडिओ-टीव्हीचे कंडेन्सर ठेवायचे. पाहुणा टेकला की डबा पुढे. चुन्याच्या खणात अभ्रकाचे, सुपारीच्या खणात सिरॅमिकच्या चकत्या. माझ्या सासऱ्यांनी एकदा चकती तोंडात टाकली, तर हा गृहस्थ पोट धरून हसला.

मला राग आला. येणारच. वाशीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिला टीव्ही माझा, आणि गर्दी त्यांच्याकडे! सिग्नल खाडीपलीकडून यायचा, अशक्त, म्हणून प्रत्येकाच्या अँटेनाला बूस्टर. माझ्या पडद्यावर बातम्यांची बाई मुंग्यांच्या वारुळातून बोलायची. गमऱ्यांकडे तिच्या कुड्यांचे मोती मोजून घ्या. रविवारी सिनेमाला माझी बायको, माझी पोरं तिकडे. मी एकटा मुंग्या बघत बसायचो. जळायचो, सरळ सांगतो.

खोट माझ्या बूस्टरमधल्या हिरव्या पॉलिस्टर कंडेन्सरची, हे निदानही त्यांचंच. म्हणे, रेडिओच्या आवाजाला तो चालतो, पण टीव्हीचा सिग्नल सेकंदाला कोट्यवधी हेलकावे खातो. दर हेलकाव्याला पॉलिस्टर थोडं गिळतो आणि त्याची ऊब करून टाकतो. अभ्रक घेईल तेवढं परत देतं. माणसांनाही ते हाच नियम लावायचे. सोसायटीचा सेक्रेटरी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर: पोट मोठं, पण घाई झाली की तापतो. माझी बायको अभ्रक. मी पॉलिस्टर, तेही चारचौघांत.

बदलून द्या म्हटलं की मात्र टाळाटाळ. कधी सोल्डर संपलेलं, कधी चष्मा सापडत नाही. बेट्याला मिरवायचंय, दुसरं काय!

एका रविवारी दुपारी बूस्टर घेऊन त्यांच्या घरातच ठाण मांडलं. बायको वारल्यापासून ते एकटेच राहायचे. सिनेमाला अजून अवकाश होता, तरी सतरंज्या अंथरून झालेल्या, कप धुऊन ओळीने उपडे घातलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी सोल्डरिंग आयर्न तापवलं, चिमट्यात अभ्रकाचा कंडेन्सर धरला. आणि हात थांबला.

"बसवतो. दोन मिनटांचं काम," ते हळू म्हणाले. "पण मग वहिनी येणार नायत. पोरं पण नाय. आठवड्यातून एकदाच या घरात कुणी बोलतं हो."

आयर्नची पिन मीच काढली.

"गमरे," म्हटलं, "एक कप वाढवा. आज मीपण बसतोय."