आठ फूट, तीस फूट

दौलतभाऊ दारात आले की नमस्कार वगैरे नाही. आधी आपल्याकडे रोखून बघत अंतर सांगायचे. "साडेसहा फूट. बसा, हलू नका." घर माझं, आणि बसायला मलाच सांगत. मोजणी खात्यात साखळी ओढण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांनी नजरेनं सांगितलेलं अंतर मी एकदा टेपनं तपासलं, तर बोटभर फरक निघाला. चूक टेपची होती.

ब्रह्मपुरीत आमची भिंतीला भिंत. भाऊ एकटे. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक जुना कॅमेरा. त्या वर्षी धानकापणीच्या सुमारास त्यांच्या मनानं घेतलं, कॅमेऱ्याला फ्लॅश पाहिजे. रफीकभाईंच्या फोटो स्टुडिओत परवडण्यासारखे दोनच होते. एक साबणाच्या वडीएवढा, आठ फुटांपर्यंत चोख. दुसरा विटेएवढा, तीस फूट मारणारा. दोन्हींत आपोआप काहीच होत नसे. अंतर आपण ओळखायचं, फ्लॅशच्या पाठीवरचा तक्ता बघायचा आणि त्याप्रमाणे कॅमेऱ्याचं छिद्र लहानमोठं करायचं. दुसऱ्या कुणाला ही कटकट वाटली असती. भाऊंना ती मेजवानी होती.

रफीकभाईंनी भल्या मनानं दोन्ही फ्लॅश आठवडाभर वापरून बघायला दिले. त्याला दोन महिने झाले.

"भाऊ, बैल घेऊन राह्यले काय?" रफीकभाई विचारत. "दात पाहता, शेपूट पाहता!"

"घाई नोका करू, रफीकभाई. अजून मोजणी चालू आहे."

मोजणीला माणूस लागतो. तो मी. ओसरीत मला खुर्चीवर बसवायचे. फ्लॅश 'चींऽऽ' करत भरायचा, मागचा लाल दिवा लागायचा आणि फटकन उजेड पडायचा. पहिल्या रोलमध्ये माझ्या टकलावर सूर्य उगवला.

"तुमचं टक्कल तक्त्यात बसत नाई," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "टोपी घाला."

दुसऱ्या रोलमध्ये टोपी उत्तम आली. तिच्याखाली मी होतो की नाही, ते सांगता आलं नसतं. बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांत यांचा हा पयला बरा फोटो."

मला कॅमेऱ्यातलं काही कळत नसे, पण सल्ला देताना ते कधी आडवं आलं नाही. "मोठाच घ्या," मी ठासून सांगितलं. भाऊंनाही तेच ऐकायचं असावं. गावोगावच्या मंडया, म्हणजे सुगीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या होत्या, आणि मंडई म्हटली की आमच्या झाडीपट्टीत नाटक आलंच. भाऊ ती वीट घेऊन नाटकांना जाऊ लागले. शेवटच्या रांगेमागे उभे राहून फोटो काढायचे.

फोटो धुऊन आले. पुढच्या लोकांच्या माना आणि पागोटी चुना फासल्यासारखी पांढरी, आणि रंगमंचावर काळोख. रफीकभाई हसून हसून खोकले. "अरे बाबा, समोर जाऊन उभे राहा नं! लहान्यानं काम होते."

"नाई. तीसच फूट पायजे."

संध्याकाळी आमच्या ओसरीत मी ते फोटो चाळत होतो. गावं वेगळी, माना वेगळ्या, पण प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात, अंधारात पुसट, नखाएवढी, तीच ती बाई.

"ही कोण हो, भाऊ?"

भाऊ सदऱ्याच्या टोकानं फ्लॅश पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

"विमल. माही लहान बहीण. नाटकात गेली तवा मीच म्हटलं होतं, माह्या दारात पाय ठेवू नको. बारा वर्षं झाली. नाई ठेवला तिनं."

"मंग समोर काऊन नाई जात?"

"मले पाहून तिनं तोंड फिरवलं तर? तीस फुटांवरून ते दिसत तरी नाई."

मी फोटोंचा गठ्ठा नीट लावू लागलो. बायको आतून चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, लहाना घ्या."

भाऊंनी लहाना घेतला. पुढच्या मंडईला मला म्हणाले, "खुर्चीत बसायचं नाई. नुसते सोबत चाला."

दिवेलागणीला आम्ही मंडपामागच्या रंगपटात गेलो. बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला विमल आरशासमोर बसली होती, अर्धा चेहरा रंगवलेला. भाऊ दाराशीच थांबले. "आठ," ते पुटपुटले आणि छिद्र लावलं. फ्लॅश 'चींऽऽ' करू लागला. लाल दिवा लागला, तरी भाऊंचं बोट दाबेना.

विमलनं ते आरशात पाहिलं. ब्रश खाली ठेवला. माझी नजर तिच्या मानेवर. वळते की नाही.

ती वळली. "दादा, तिथून काय मोजून राह्यला? इकडं ये नं."

भाऊ गेले. अगदी जवळून बोट दाबलं, पण छिद्र आठ फुटांवरून बदलायचं राहून गेलं.

तो फोटो त्यांच्या खाटेच्या वर भिंतीला लावलेला असे. पांढराफटक. चेहरा नाही, नुसतं कुंकू आणि दोन डोळे. रफीकभाईंनी तो फेकायला सांगितला होता. भाऊ मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला खांद्याला धरून त्याच्यासमोर उभं करायचे.

"दोन फूट," म्हणायचे. "मोजणी चुकली."