आधी शेगडीने बोलावं

"माझ्या मसुद्यातून कुणीही दोन अर्थ काढून दाखवावेत, संपादकपद त्याच्या हवाली करीन!" वेइयो हाक्कारायनेनने उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या कुओपिओ शहराच्या प्रयोगशाळेत चारचौघांत जाहीर केलं आणि खुशाल गोड पाव कॉफीत बुडवला.

मसुदा होता सॉनाच्या, म्हणजे दगड तापवून वाफ घ्यायच्या खोलीच्या, शेगडीने घराच्या वीजपेटीशी कसं बोलावं, याच्या नियमांचा. शेगडीने विचारायचं, तापू का? पेटीने म्हणायचं, ताप! एवढ्यासाठी दोनशे बारा पानं! 'गरम' म्हणजे किती अंश, 'उत्तर' कशाला म्हणावं, सगळं ठोकून बसवलेलं. 'साधारणपणे', 'सहसा', 'शक्यतो' या शब्दांशी तर वेइयोचं हाडवैर. असा शब्द दिसला की तो अख्खं वाक्यच छाटायचा.

"माझं अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचं वाक्य कुठे गेलं रे?" तुओवी ह्युट्टिनेनने विचारलं. मसुद्यावर दहा वर्षं त्याच्याबरोबर राबलेली बाई ती.

"त्यात 'साधारणपणे' होतं."

"मग शब्द काढायचा! वाक्याने काय घोडं मारलं होतं?"

"तुओवी, ढिसाळ शब्दाच्या संगतीत राहिलेलं वाक्य मला नको," वेइयो म्हणाला.

आज परीक्षा होती. एका कंपनीने शेगडी केली होती, दुसरीने पेटी. दोघींनी एकमेकींचं तोंडही न बघता, फक्त मसुदा वाचून! दोन्ही जुळल्या तर मसुदा आजच मंजूर, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी त्याच शेगडीवर तापलेल्या सॉनात बसायचं. मसुदा समितीचे अध्यक्ष एस्कोकाका तर आधीच पंचा खांद्यावर टाकून आले होते.

वेइयोने खटका दाबला. दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. मग शांतता.

पहिली दहा मिनिटं कुणालाच वावगं वाटलं नाही. गप्प बसणं ही त्या देशात बिघाडाची खूण नव्हे. विसाव्या मिनिटाला एस्कोकाकांनी शेगडीवरच्या दगडांना हात लावला.

"गार आहेत."

वेइयो संगणकाच्या पडद्याकडे धावला. "शेगडी वाट बघतेय."

"कुणाची?"

"पेटीची."

"आणि पेटी?"

"पेटी... शेगडीची."

बंद करून पुन्हा सुरू केलं. दोघी पुन्हा वाट बघू लागल्या. तारा बदलल्या, तरी तेच. बाहेर उणे एकोणीस, आत दगड गार, आणि भाजायला आणलेले सॉसेज ताटात आखडून पडलेले. शेवटी तुओवीने मसुदा उघडून मोठ्याने वाचलं, "समोरच्याने 'मी तयार' म्हटल्याशिवाय कोणत्याही यंत्राने काहीही बोलू नये."

"बरोबरच आहे की!" वेइयो म्हणाला.

"बरोबर आहे. आणि मी त्याखाली लिहिलं होतं, साधारणपणे शेगडीने आधी 'मी तयार' म्हणावं."

वेइयोचे कान लाल झाले. पण बुडत्याला काडीचा आधार! "पण बघा ना काका, दोन्ही यंत्रांनी एकच अर्थ काढला! दोन निघाले का? नाही ना?"

"नाही," एस्कोकाकांनी पंचाची घडी घातली. "न चालणारी इतकी नेमकी गोष्ट मी जन्मात पाहिली नाही. पद तुझंच राहू दे. मसुदा मात्र सहा महिने लांबला." आणि ते घरच्या, लाकडं जाळून तापणाऱ्या सॉनाकडे निघून गेले.

मागे उरली दोघं. गार सॉनाच्या फळीवर कोट घालून बसली. वेइयोला फार वाईट वाटत होतं. सहा महिन्यांचं नव्हे, त्या छाटलेल्या वाक्याचं. माफी मागायची होती, पण तुओवीने काही विचारलं तर बोलू, म्हणून तो थांबला. तीही समोरच्या दगडांकडे बघत थांबली. पाव तास गेला!

शेवटी तुओवीच म्हणाली, "वेइयो, साधारणपणे ज्याची चूक असते तो आधी बोलतो."

"चुकलो गं," तो पटकन म्हणाला. तिने हसून मान हलवली. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली, जरा घुटमळला आणि हळूच विचारलं,

"पण साधारणपणे म्हणजे नक्की किती वेळा?"