मागच्या अंगणातलं नमुन्याचं घर

नगररचना खात्यात माझ्याइतका दूरदृष्टीचा माणूस नाही. हे मी स्वतःच सांगतोय म्हणून कमी समजू नका! आमच्या छोट्या शहरात घरं दोनच प्रकारची, ऐसपैस बंगले नाहीतर न परवडणारे फ्लॅट. मी प्रस्ताव मांडला की ज्याच्या बंगल्यामागे जागा आहे, त्याला तिथे एक छोटं घर बांधू द्यावं. भाडं कमी राहील आणि तरुण मंडळी गाव सोडून जाणार नाहीत.

यात माझा स्वार्थ होता, लपवू कशाला? घर परवडेना म्हणून मुलगी आणि जावई आमच्या हॉलमध्ये राहत होते. त्यात मुलीला दिवस गेलेले. पाणी प्यायला उठलो की मला जावयाला ओलांडून जावं लागे, आणि जावई ही काही ओलांडायची वस्तू नव्हे. प्रस्ताव मंजूर झाला असता, तर बाळ यायच्या आत दोघं मागच्या अंगणात सुखानं नांदली असती.

खात्याची समिती म्हणाली, "आधी नमुना दाखवा." मी अंगणात प्लायवूडचं घर उभं केलं, मापं अगदी नियमाप्रमाणे. पण पलंग ठेवला आणि चालायला वाटच उरेना.

"दाजी, काळजी सोडा," मेहुणा म्हणाला. तो बिल्डरांच्या सॅम्पल फ्लॅटचं फर्निचर करतो. "तिथे पलंग, खुर्च्या सगळं मापाला थोडं कमीच करतात. खोली आपोआप मोठी दिसते."

"थोडं म्हणजे किती?"

"ते माझ्यावर सोपवा."

सोपवलं! मेहुण्याला उत्साह फार. त्यानं फर्निचर मांडलं आणि खोली मैदानासारखी दिसू लागली. मी खूश. यातली गोम माणूस आत शिरल्यावरच कळणार होती, आणि हे माझ्या ध्यानात आलं ते समिती आत शिरल्यावर.

समितीचे अध्यक्ष अंगानं भारदस्त. नुकतंच जेवण कमी करून त्यांनी वजन उतरवलं होतं आणि भेटेल त्याला ते सांगत होते. ते झोकात खुर्चीवर बसले. गुडघे हनुवटीला टेकले. समोर आरसा होता. त्यात पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"मी एवढा दिसतो?"

"छे छे!" म्हणत मी हात दिला. अध्यक्ष उठले. खुर्चीही उठली. मी आणि मेहुणा ती मागून ओढू लागलो. तेवढ्यात सचिव पलंगावर आडवे झाले, तर त्यांचे पाय थेट खिडकीबाहेर! बाहेर आमची ही कपडे वाळत घालत होती. तिनं मागेपुढे न पाहता त्या पायांवर टॉवेल वाळत टाकला.

"डॉक्टर खोटं बोलला," अध्यक्ष म्हणाले. "घरातला वजनकाटाही खोटा. मला नको हा प्रस्ताव."

एवढ्यात ही दारात आली. तिला कुणाचं दुःख बघवत नाही.

"अहो साहेब, मनाला काय लावून घेता? ही खुर्ची लहान मुलांच्या मापाची आहे!"

अध्यक्ष एकदम खुलले. "लहान मुलांच्या? म्हणजे मी ठीक आहे?"

"सडपातळ आहात," समिती एका सुरात म्हणाली.

"मग बालवाडी आहे असं सांगा ना! शहराला केव्हाची हवी होती. मंजूर!"

"साहेब, खरं तर हे मोठ्यांसाठी..." मी सुरुवात केली. खुर्ची अजून निघाली नव्हती. ती तशीच घेऊन ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी असं पाहिलं, की मी वाक्य गिळून टाकलं.

आता सकाळी मागच्या अंगणात पोरांचा कल्ला असतो आणि जावई हॉलमध्येच असतात. छोट्या घरांचा प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेलाय. समिती म्हणते, विचार करू, पण आधी नमुन्याचं एखादं घर दाखवा.

मुलगी माझ्यावर चिडलीय. मी तिची समजूत घालतोय. बाळाला राहायला जागा नसली म्हणून काय झालं, बालवाडीतला प्रवेश तर पक्का आहे!