व्हिएन्नाची रंगीत तालीम

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी व्हिएन्नाच्या विमानतळावर उतरलो. प्रत्यक्षात ते नोव्हाय या आमच्या अमेरिकन उपनगरातल्या नेहमीच्या इंडियन ग्रोसरीचं पार्किंग होतं. कोपऱ्यात बर्फाचे काळपट ढिगारे अजून शिल्लक होते आणि माझ्या चाकांच्या बॅगेत वीस पौंड तांदूळ होता. शेजारी तसलीच बॅग घेऊन, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून विश्वासकाका उभे होते.

"इमिग्रेशनला चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "उभा राहा."

दुकान नऊला उघडतं. आम्ही त्याच्या बंद दारासमोर मुकाट्याने चाळीस मिनिटं उभे राहिलो. मध्ये एकदा मी भिंतीला टेकलो, तर काका म्हणाले, "तिथे भिंत नसेल."

विश्वासकाका आमच्याच वसाहतीत, इथल्या भाषेत सबडिव्हिजनमध्ये, चार घरं सोडून राहतात. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एका मोटार कंपनीत सीट तपासण्याचं काम केलं. त्यांच्या प्रयोगशाळेत एक लोखंडी ढुंगण होतं. ते दिवसरात्र नव्या सीटवर बसायचं आणि उठायचं, बसायचं आणि उठायचं, आणि सीट कधी फाटते ते काका वहीत लिहायचे. ज्या माणसाने आयुष्यभर हे बघितलं, त्याचा आयत्या वेळी होणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास बसत नाही. त्यात तरुणपणी ते महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. त्यामुळे सगळ्यावर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असतं, "प्रयोगात पडण्यापेक्षा तालमीत पडलेलं बरं."

मी नवीन आलो तेव्हा ड्रायव्हिंग टेस्टच्या आधी काकांनी मला दोन दिवस स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून हातात ताट देऊन गाडी शिकवली. मी ताट डावीकडे वळवलं की ते विचारायचे, "इंडिकेटर कोण देणार, सासरा?" आमच्या ईराच्या जन्माच्या आधी हॉस्पिटलपर्यंत त्यांनी तीन तालमी घेतल्या. पहिल्या दोन माझ्या बायकोने, अनघाने, निभावल्या. तिसऱ्या वेळी ती इतकी चिडली की तिच्या जागी मला बसावं लागलं. मी पोटाशी उशी धरून कण्हत होतो आणि काका मागून म्हणत होते, "जरा मनापासून कण्ह, बाई अवघडलीय." प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा रस्ता मला पाठ होता, हे कबूल करायलाच हवं. फक्त अनघाला घरीच विसरून मी गाडी गेटपर्यंत नेली होती.

तर असा मी. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. याला लोक चांगला स्वभाव म्हणतात. खरं तर नाही म्हणायला थोडी पूर्वतयारी लागते आणि पूर्वतयारीचा मला मनस्वी कंटाळा आहे. म्हणूनच काका फोनवर म्हणाले, "शनिवारी मोकळा आहेस का, व्हिएन्नाला जाऊन येऊ," तेव्हा मी कुठे, कशाला, काहीही न विचारता हो म्हणालो.

व्हिएन्नाला खरं तर काका एकटेच जाणार होते, मे महिन्यात, फक्त एका शनिवार-रविवारसाठी. तिथे त्यांची मुलगी केतकी असते. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, मेडिकलला गेली, आणि तिसऱ्या वर्षाला सगळं सोडून व्हिएन्नाला जुनी व्हायोलिनं दुरुस्त करायला शिकायला गेली. त्या वेळी काका तिला म्हणाले होते, "व्हायोलिन दुरुस्त करणारा आमच्या गावातही होता. त्याच्या घरी पंखा नव्हता." त्या वाक्यानंतर चार वर्षं बाप-लेकीचं बोलणं वाढदिवसाच्या मेसेजपुरतं उरलं. नीलाकाकू दर रविवारी लेकीशी फोनवर तासभर बोलायच्या आणि काका त्याच खोलीत पेपर वाचायचे. "तिला विचार, तिकडे थंडी आहे का," असं ते काकूंना सांगायचे. "बाबांना सांग, आहे," असं उत्तर यायचं.

मार्चमध्ये केतकीने काकूंना कळवलं की मेच्या दुसऱ्या वीकेंडला तिला सुट्टी आहे, बाबांना व्हिएन्ना बघायचं असेल तर येऊ दे. काकूंनी लगेच एकच तिकीट काढलं. "मी आले की हे माझ्यामार्फत बोलतात," त्या अनघाला म्हणाल्या. "यांना एकटंच जाऊ दे." काका मात्र भेटेल त्याला सांगत होते, "व्हिएन्ना बघून येतो. केतकी तिथेच असते, हा आपला योगायोग." काकांना त्या दोन दिवसांत लेक परत मिळवायची होती, हे आख्ख्या सबडिव्हिजनला कळत होतं, आणि आपण ते कुणाला कळू दिलेलं नाही अशी त्यांची समजूत होती.

आता तालमीकडे येतो. काकांनी दोन दिवसांत एकोणीस ठिकाणं बसवली होती आणि त्यांची अंतरं नोव्हायवर आखली होती. लायब्ररी म्हणजे राजवाडा, दातांच्या डॉक्टरचं ऑफिस म्हणजे कॅथीड्रल, फर्निचरचं दुकान म्हणजे म्युझियम. सगळं पायी. ज्याने नोव्हाय पाहिलेलं नाही त्याला यातली गंमत कळायची नाही. इथे रस्त्याने कुणी चालत नाही. इथे माणूस चालताना दिसला तर त्याची गाडी बंद पडली असावी असं लोक समजतात, आणि बॅग ओढत चालताना दिसला तर संसार बंद पडला असावा असं. राजवाड्याकडून कॅथीड्रलकडे जाताना एका म्हाताऱ्या बाईने गाडी थांबवली, काच खाली केली आणि काळजीने विचारलं, आम्हाला कुठे सोडू का? काका हसून म्हणाले, "नो, थँक यू. वी आर इन व्हिएन्ना." ती बाई काच वर करून बराच वेळ तशीच थांबून राहिली.

म्युझियममध्ये आम्ही ठरल्याप्रमाणे पंचावन्न मिनिटं सोफे बघितले. दर सोफ्यावर काका व्यावसायिक सवयीने बसून उठत होते. सेल्समन येऊन विचारायला लागला तेव्हा मी त्याला सांगितलं की आम्ही नुसते बघतोय. मला वाटतं त्या दिवसातलं माझं तेवढंच एक वाक्य खरं होतं.

सोमवारी ऑफिसात माझ्या मॅनेजरने मला आत बोलावून दार लावून घेतलं. शनिवारी मी बॅग घेऊन रस्त्याने चाललेलो त्याला दिसलो होतो. घरी सगळं ठीक आहे ना, त्याने हळुवारपणे विचारलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तो म्हणाला की या आठवड्यातला रिपोर्ट मी पुढच्या आठवड्यात दिला तरी चालेल. मी मान खाली घातली आणि सुस्कारा सोडला. हे मी अनघाला अजून सांगितलेलं नाही.

पण तालमीची गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगितली. पुढच्या शनिवारच्या पॉटलक जेवणात तर मी ती नकलांसकट केली. काकांचं स्टॉपवॉच, काकांचं सोफ्यावर बसणं, सगळं. लोक पोट धरून हसले आणि मला माझ्या विनोदबुद्धीचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, काकांनी मला आढावा बैठकीला बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा होता, चिवडा होता आणि मधोमध वेळापत्रक होतं, मिनिटामिनिटाचं, दोन रंगांत. कॅथीड्रलला आम्ही चार मिनिटं उशिरा पोचलो होतो, ती कुठे गेली याचा शोध चालू होता. संशयित मीच होतो. नीलाकाकूंनी चष्मा लावून तो कागद उचलला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, उलटून मागची बाजू बघितली आणि खाली ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "यात केतकी कुठे आहे?"

"असेल की बरोबर. कुठे आहे म्हणजे काय?"

"बरोबर म्हणजे? चालताना तुम्ही चार पावलं पुढे असता. म्युझियममध्ये पाट्या वाचता. जेवायला पंचवीस मिनिटं ठेवलीत. तिच्याशी बोलणार कधी?"

काकांनी चिवड्यातला एक शेंगदाणा उचलला आणि परत बशीत ठेवला. मग ते कागदाकडे बघत म्हणाले, "मोकळा वेळ ठेवला तर बोलावं लागेल."

"मग बोला ना."

"तू नसशील तिथे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांनी एकोणीस ठिकाणं बघण्यासाठी बसवलीच नव्हती. आपल्यात आणि लेकीत जागा उरू नये म्हणून त्यांनी ती दोन दिवसांत खच्चून भरली होती. आणि मी आदल्या दिवशी त्यावर अर्धा तास टाळ्या घेतल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली. उठून जावंसं वाटलं, पण काकू माझ्या आधी उठल्या.

"तालमीत पडलेलं बरं म्हणता ना?" त्या म्हणाल्या. "मग घ्या तालीम. सुहास, तू हो केतकी." आणि त्या आत निघून गेल्या.

माझं वय बेचाळीस, पोट सुटलेलं, चार दिवसांची दाढी. पण ज्याने बाळंतीण केली त्याला लेक काय अवघड? काकांनी माझी खुर्ची खिडकीकडे वळवली. "जरा रागात पाहिजेस," ते म्हणाले. "ती रागावलेली असणार. आणि इंग्लिशमध्ये बोल, माझ्याशी ती इंग्लिशमध्येच बोलते."

"सो, बाबा," मी म्हणालो, "हाऊ वॉज द फ्लाइट?"

"चांगली झाली. वेळेवर."

 मला केतकीचा राग कुठून आणावा कळेना. शेवटी मी आमच्या ईराचा आणला. आदल्याच आठवड्यात ती नऊ वर्षांची कार्टी मला जे म्हणाली होती, तेच मी म्हणालो, "बाबा, यू नेव्हर आस्क मी व्हॉट आय डू."

माझ्यावर ते वाक्य आलं तेव्हा मी फोनमधून मान वर न काढता "अं?" म्हणालो होतो. काका तसं म्हणाले नाहीत. टेबलावर दोन्ही तळहात ठेवून ते माझ्याशी, म्हणजे केतकीशी नव्हे, सुहासशी, बोलायला लागले.

"व्हायोलिनची वरची फळी असते ना, ती सरसाने चिकटवतात. जनावरांच्या कातड्याचा सरस. मुद्दाम हलका लावतात. पक्कं चिकटवणारे पदार्थ आता पुष्कळ आहेत, पण ते वापरायचे नाहीत. का, तर पुढे कधी कुणाला दुरुस्तीसाठी उघडायचं झालं तर लाकूड न फाटता उघडता आलं पाहिजे. सांध्यात पातळ सुरी घालतात, अशी, आणि कानाने ऐकत सरकवतात. आत एक बोटाएवढी काडी उभी असते. ती चिकटवतच नाहीत, नुसती दाबावर. केसभर हलली तरी आवाज बदलतो." ते थांबले. "एवढं बारीक काम मी जन्मात केलं नाही, सुहास. मी सीट तपासायचो."

"हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"बेसमेंटमध्ये एक आहे. गराज सेलमध्ये घेतलेलं. चार वर्षांत तीनदा उघडलं, दोनदा मोडलं. ती रोज काय करते ते करून बघितल्याशिवाय कळणार कसं?"

आतल्या खोलीत अगदी शांत होतं. काकूंनाही हे माहीत नव्हतं, असं मला त्या शांततेवरून वाटलं.

"काका," मी म्हणालो, "हेच तिला सांगा. बाकी काही नको. एवढंच."

"छे," ते म्हणाले. "मी सांगायला लागलो की तिच्या चुका काढणार. मला ठाऊक आहे माझं. मेडिकलच्या वेळीही तेच झालं, ती बोलत होती आणि मी दुरुस्त करत होतो. ती बोलली पाहिजे. मला काही माहीत नाही असं समजून तिने पहिल्यापासून सांगितलं पाहिजे, आणि मी नुसतं ऐकलं पाहिजे. तेच मला येत नाही. त्याची तालीम घेऊ. तू केतकी. सांग मला, तू काय करतेस."

मला व्हायोलिनमधलं ओ की ठो कळत नाही. नुकतं ऐकलेलंही अर्धं डोक्यातून गेलं होतं. तरी मी बोलायला लागलो, आणि इंग्लिशमध्ये बोलायचं असतं हे विसरून मराठीतच बोलायला लागलो. बाबा, लोक माझ्याकडे फुटकी व्हायोलिनं आणतात. मी आधी त्यांची धूळ पुसते. मग तारा काढते, चार असतात. काका मान हलवत होते. मग मला पुढचं आठवेना, आणि मी म्हणालो, "मग वरची फळी मी छोट्या छोट्या खिळ्यांनी ठोकून बसवते."

सीट अर्धा इंच खचली म्हणून ज्या माणसाने उभ्या कंपनीचं उत्पादन थांबवलं होतं, तो माणूस टेबलाची कड धरून माझ्याकडे बघत राहिला. त्यांचा जबडा हलला. कपाळावरची शीर वर आली. ते काहीतरी म्हणणार होते, ते त्यांनी गिळलं. मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"अस्सं," काका म्हणाले. "मग पुढे काय करतेस, बाळा?"