बाबल धावता आसा

आमच्या गावात मोठा माणूस धावत नसे. पोरं धावत, गुरं धावत, एखादं सुटलेलं रेडकू धावे. पण मिशा फुटलेला माणूस धावताना दिसला की समजायचं, कुणाची तरी होडी उलटली, नाहीतर कुणाला तरी साप चावला. ‘आमच्या’ गावात असं मी म्हणतो खरा, पण मी मूळचा सावंतवाडीचा. मालवणच्या उत्तरेला, समुद्राला अगदी लागून असलेल्या या गावात शाळामास्तर म्हणून गेलो तो गोवा मोकळा व्हायच्या कितीतरी आधी. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजूनही पत्रं पाठवून भांडतात.

पहिल्याच सकाळी मी ओसरीच्या कडेला दात घासत उभा होतो. समुद्रावर धुकं होतं, इतकं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. त्या धुक्यातून खाकी हाफपँट आणि बनियन घातलेला एक पस्तिशीचा माणूस छाती पुढे काढून ओल्या वाळूवरून धावत गेला. मी नवा. म्हटलं, काहीतरी भयंकर झालंय. तोंडात राखुंडी तशीच, धोतराचा सोगा हातात धरून मी त्याच्या मागे सुटलो.

तो बाबल घाडी, आणि तो रोज धावतो हे गावाला ठाऊक होतं. पण नवा मास्तर धावतोय म्हणजे आज खरंच काहीतरी झालं, असं गावाने ठरवलं. माझ्या मागून किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे दोघे दोरखंड घेऊन निघाले, त्यांच्या मागून वैद्यबुवा कसलीशी मुळी घेऊन, आणि त्यांच्या मागून अशीच दहाबारा माणसं. किनाऱ्याच्या टोकाला काळ्या खडकांचं खडप आहे, तिथवर ही वरात गेली. बाबलने खडपाला हात लावला, मागे वळला आणि आम्हाला बघून दचकला.

“काय झाला?” त्याने आम्हालाच विचारलं.

मी धापा टाकत म्हटलं, “तुम्ही धावत होतात म्हणून आम्ही...”

“मी रोज धावतंय,” तो म्हणाला. मग माझी अवस्था बघून मऊ आवाजात म्हणाला, “पण मास्तरानू, दम राखून धावचा. सगळो दम हयच सोडलो तर परत कसा जावचा?”

अशी आमची ओळख झाली. पुढची अकरा वर्षं मी त्याच्या शेजारच्या घरात राहिलो.

‘दम राखा’ हे त्याचं सगळ्या प्रसंगांना चालणारं औषध होतं. लग्नात अंतरपाटामागे नवरदेव घामाघूम झाला की हा मागून हळूच सांगायचा, दम राख. परीक्षेला बसणाऱ्या पोरांना, अडलेल्या गाईला, सगळ्यांना तेच. एकदा गावातली एक म्हातारी अखेरच्या घटका मोजत होती. बाबल भेटायला गेला आणि तिच्या कानात “दम राख गो आये” म्हणाला. म्हातारीने त्याचं ऐकलं आणि आणखी तीन वर्षं जगली. तिच्या सुनेने बाबलशी बोलणं टाकलं ते कायमचं.

तो लढाईवरून आलेला होता. मराठा पलटणीतून इटलीपर्यंत जाऊन आला होता, पण बंदुकीबद्दल चकार शब्द काढत नसे. सांगायचा ते दोनच गोष्टींबद्दल. एक म्हणजे बर्फ. “आकाशातसून सगळा पांढरा खाली येता, आणि आवाज म्हणान नाय,” असं सांगताना त्याचे डोळे समुद्राच्या पलीकडे लागत. यावर रापणीवाले हटकून विचारत, “पाऊस पडता आणि कौलार आवाज नाय? मगे तो पाऊस कसलो?” बाबल वाद घालत नसे. आपल्याला जे दिसलं ते यांना दिसलेलं नाही, याचं त्याला उगाच वाईट वाटायचं.

दुसरी गोष्ट शर्यतीची. लढाई संपल्यावर छावणीत तीन मैलांची शर्यत झाली, त्यात हा दुसरा आला. बक्षीस मिळालेला पत्र्याचा पेला त्याच्या खिडकीत असे. त्याच पेल्यात पाणी घेऊन तो दाढी करायचा.

“पहिला कोण आला?” मी विचारलं.

“एक गोरो. तेचे पाय लांब होते.” यात कसलीही तक्रार नव्हती. गोऱ्याचे पाय लांब होते, त्याला कोण काय करणार.

पोटासाठी तो बॅटऱ्या विकायचा. हातात धरायच्या, सेल घालायच्या बॅटऱ्या. कुठल्याशा कंपनीची पिशवी खांद्याला लावून तो आरोंद्यापासून विजयदुर्गापर्यंत फिरे, कधी एस्टीने, कधी होडीने, बराचसा पायी. बॅटरी दिवसा विकायची तर काळोख कुठून आणायचा? पण कोकणातल्या माजघरात भर दुपारी हवा तेवढा काळोख असतो. बाबल दारात उभा राही आणि पहिला प्रश्न विचारी, “काय हरावला आसा काय?” प्रत्येक घरात काही ना काही हरवलेलं असतंच. मग तो माजघरात शिरून बॅटरी पेटवी आणि उताणा, पालथा, आडवा होऊन ते शोधून काढी. अडकित्ते, चाव्या, एकदा तर चार वर्षांमागची एक कवळी. माझ्या बायकोचं जोडवं त्याने तांदळाच्या कणगीमागून काढून दिलं. ती म्हणाली, हा माणूस देवच आहे. आमच्याकडे आधीची एक बॅटरी होती तरी दुसरी आली.

आणि त्याहून भारी होतं त्याचं गाऱ्हाणं. देवळात उभं राहून सगळ्या गावाची दुखणीखुपणी देवाच्या कानावर घालायची, हे मोठं मानाचं काम. गावात ते घाड्यांच्या घराकडे. एकाने सांगत जायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. बाबलचा बाप विठू घाडी हा त्यातला मोठा नावाजलेला माणूस, असं जुने लोक सांगत. बापाचा तो आवाज बाबलच्या गळ्यात जसाच्या तसा उतरला होता, आणि हा पठ्ठ्या त्या आवाजात बॅटऱ्या विकायचा.

“बा महाराजा,” तो लोकांच्या अंगणात उभा राहून सुरू करी, “आज ह्या घराच्या दारात ही बॅटरी इली आसा...”

घरातली म्हातारी माणसं सवयीने म्हणत, “व्हय महाराजा.”

“रातच्या वाटेर किरडू आडवा इला, तर ता पाय पडायच्या आधी दिसांदे...”

“व्हय महाराजा.”

“ह्या घरातला हरावलेला सगळा हाताक गावांदे...”

पाच वेळा ‘व्हय’ म्हटल्यावर सहाव्यांदा ‘नको’ म्हणायची हिंमत कुणाला होणार? मी पोट धरधरून हसायचो. आता त्याची लाज वाटते. पण तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

ते कळलं भिकाजीकडून. भिकाजी घाडी हा बाबलचा थोरला चुलतभाऊ, आणि देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याकडे होता. एक दिवस तो शाळेत येऊन माझ्यावरच घसरला. “तुमी शिकलेली माणसा हसतास म्हणान तो चढता. घराण्याचो आवाज बाजारात इकता तो.”

मी सहज विचारलं, “मान खरं तर त्याचा ना? विठू घाड्याचा मुलगा तो.”

भिकाजी पोरांच्या बाकावर टेकला. मग त्याने सांगितलं ते असं. बाबल लढाईवर असताना दीड वर्ष त्याचं पत्र नव्हतं. शेजारच्या गावातला एक शिपाई रजेवर आला, तो म्हणाला, कुठलीशी नदी ओलांडल्यानंतर बाबलला कुणी पाहिलं नाही. विठू घाडी तेव्हा अंथरुणाला खिळला होता. पोरगा विधीवाचून भटकत राहू नये म्हणून त्याने दर्भाचा पुतळा करवून सगळं यथासांग उरकलं. आणि चौघांच्या आधाराने देवळात जाऊन आपल्या तोंडाने देवाला गाऱ्हाणं घातलं, की माझो झील गेलो, तेका खंय तरी जागा दी. ते विठूचं शेवटचं गाऱ्हाणं. पंधरा दिवसांत तो गेला. वर्षभराने बाबल पिशवी खांद्याला लावून होडीतून उतरला.

“गावान तेका घेतल्यान,” भिकाजी म्हणाला. “जेवूक बलायतत, बॅटरी घेतत. पण देवाक सांगलेला आसा तो मेलो म्हणान. सांगणारो साधो माणूस नाय, माझो काको. तेचो शब्द मी कसो फिरवू? फिरवलंय तर देव इचारतलो, मगे तेव्हा खोटा कोणी सांगल्यान?”

म्हणून बाबल कधी देवळाची पायरी चढला नाही. जत्रेत तो दीपमाळेजवळ, बाहेरच उभा असायचा. म्हणून त्याला कुणी मुलगी दिली नाही. ज्याच्या नावाने पिंड ठेवले गेले, त्याच्या घरात मुलगी कशी द्यायची, असं लोक म्हणत. आणि मला एकदम आठवलं, की रोज सकाळी धावताना देवळासमोर आला की बाबल जागच्या जागी वीसेक पावलं धावायचा, तोंड गाभाऱ्याकडे करून. मी ते पलटणीतलं काहीतरी समजत होतो.

त्याच संध्याकाळी मी त्याला विचारलं. तो पेला पुसत होता.

“बापाशीक खोटो पाडूचो नाय माका,” तो म्हणाला. “मास्तरानू, देवाक डोळे आसत. मी रोज समोरसून जातंय. पाय हलतत ते कधीतरी तेका दिसतले.”

दहा-बारा वर्षं हा माणूस एका देवाला आपण जिवंत असल्याचं दाखवत होता, आणि मी त्याला व्यायाम म्हणत होतो.

साठ साल उलटून गेलं. भिकाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले, पण तो कबूल करीना. देवळातल्या पायऱ्या त्याला पाठ होत्या, त्यावर निभावत होतं. त्या वर्षीच्या जत्रेत दुपारी तो नारळ घेऊन गाभाऱ्याकडे निघाला, आणि कुणीतरी पायरीवर ठेवलेल्या कळशीला अडखळला. नारळ हातातून सुटून गडगडत गेला. भिकाजी काळोखात हात पसरून उभा राहिला. त्याला दिसत नाही हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

बाहेरच्या दीपमाळेजवळून बाबल आला. वहाणा काढल्या, उंबरठा ओलांडला आणि भिकाजीच्या पायांपुढे बॅटरीचा उजेड टाकला. देवावर नाही, फक्त पायरीवर.

“दम राखा, दादा,” तो म्हणाला. “हय पाय ठेवा.”

भिकाजी वर चढला. कुणीतरी नारळ हातात दिला. त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. गावची लेकरं मुंबईत आहेत, बोटीवर आहेत, त्यांची रखवाली कर. व्हय महाराजा. रापणीला मासळी दे. व्हय महाराजा. मग तो थांबला. पायाशी पडलेल्या उजेडाकडे त्या अधू डोळ्यांनी बघत राहिला.

“आणि महाराजा, एक गोष्ट आमच्या घराकडसून रवली आसा.”

कुणी ‘व्हय’ म्हटलं नाही.

“माझ्या काकान तुका सांगल्यान, झील गेलो म्हणान. तेणी खोटा सांगूक नाय. तेका तसाच कळला होता. पण झील परत इलो, आणि ता मी तुका सांगूक नाय. आज सांगतंय. हो बाबल, विठू घाड्याचो झील, माझ्या पायाकडे उजेड धरून उभो आसा. तो जितो आसा. तेका पदरात घे रे महाराजा.”

त्यानंतरचा ‘व्हय महाराजा’ मी कधी विसरणार नाही. माझाही आवाज त्यात होता. भिकाजीने चाचपडत बाबलचा खांदा धरला आणि त्याला म्हणाला, “आता बस जरा.”

दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखा ओसरीच्या कडेला दात घासत होतो. समुद्रावर तसंच धुकं होतं. त्यातून बाबल आला. पांढरा लेंगा, अंगात सदरा, हात पाठीमागे. चालत. देवळासमोर तो थांबला, आणि त्याचे पाय हलले नाहीत. जरा वेळाने तो पुढे निघाला, तसाच सावकाश.

रापणीवाल्यांनी ते पाहिलं आणि हातातलं जाळं टाकलं. एक जण दोरखंड घेऊन सुटला, दुसरा त्याच्या मागे. वैद्यबुवा घरातून बाहेर पडले. खडपाजवळ आम्ही सगळ्यांनी त्याला गाठलं.

“काय झाला रे बाबल?”

“काय नाय,” तो म्हणाला. “आज चलत इलंय.”

मग तो माझ्याकडे बघून हसला, कारण माझ्या तोंडात राखुंडी होती आणि धोतराचा सोगा हातात होता. कामं सगळ्यांनाच होती, पण परत जाताना आम्ही सगळे त्याच्याबरोबर चालत गेलो.